तीनदा ठोठावल्यावरच

लाइट गेली की कुमासीच्या सोकोबान लाकूडपेठेत आधी शिव्या ऐकू येतात, मग शांतता. त्या दिवशी वोफा न्सियाच्या तोंडून शिवीसुद्धा निघाली नाही. वोफा म्हणजे मामा. पेठेतले लहानथोर त्याला मामाच म्हणायचे. देवळाच्या दाराची, ओडुमच्या टणक लाकडाची फळी यंत्रावर पसरलेली होती आणि कटर निम्म्या नक्षीत रुतून बसलेला होता.

लाइट जाण्याची त्याला भीती नव्हती. भीती होती ती लाइट येण्याची.

चाळीस वर्षं त्यानं वाकस आणि पटाशीनं दारं कोरली. मग मालक अंपोन्साहनं परदेशातून लाकूड कोरणारं जुनं सीएनसी यंत्र आणलं, त्याला जोडलेला संगणक आणला आणि मामाला त्याच्यापुढे उभं केलं. नक्षी मामाची, लाकडाची पारख मामाची. कटर बोथट होत आला की नुसत्या आवाजावरून ओळखणारा पेठेत तोच एक. पण स्क्रीनवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, पानाआड पान. ज्यांनी ते यंत्र घडवलं त्यांच्या गावात लाइट कधी जात नसावी. गेलीच तरी तिथल्या कारागिराला इंग्रजी येतंच, हे त्यांनी गृहीत धरलेलं. इथे लाइट परत आली की यंत्राला आपण कुठे होतो तेच आठवत नाही. आधी कटर वर उचलायचा, मग यंत्र कोपऱ्यातल्या मूळ जागी न्यायचं, कटरची उंची मोजायची आणि सोडलेल्या ओळीपासून पुढे चालायचं. चार कामं, चार वेगळी पानं. मामानं एकदा चुकीच्या पानावर बोट ठेवलं आणि कटर फळीवरून नांगरासारखा आडवा फिरला.

त्या दिवशी लाइट आली आणि दुसरी फळी गेली. तशीच.

अंपोन्साह ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की तिसरी फळी गेली तर अक्राहून वाचता येणारा माणूस आणीन, मामानं मग पॉलिशपेपर घासत बसावं. ज्याच्या नक्षीवर दुकान उभं होतं, त्याला हे सांगताना त्याच्या कपाळावर आठीही उमटली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला कोर्कोर आली. ती गा जमातीची बाई, समुद्राकडची, पस्तिशीची. पेठेच्या तोंडाशी तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. पंप उघडता उघडता तिनं मामाला विचारलं, लाइट आल्यावर तुम्ही नक्की काय करता. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मामानं सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, की स्क्रीनवर आपली स्वतःची बटणं बसवता येतात, पाहिजे तेवढी मोठी, पाहिजे त्या चित्राची.

"आंबवलेल्या मक्याचं केंके खाऊन खाऊन डोकंही आंबलंय तुझं," मामा म्हणाला. "यंत्र काय माझ्या बापाचं आहे, त्यावर माझी चित्रं काढायला?"

"उखळात कंदांचं फुफू कुटून कुटून तुमचे हात तरी मऊ झालेत का, वोफा? सांगा, कटर वर जातो तेव्हा कशासारखा दिसतो?"

मामानं विचार केला. "मुसळासारखा. उखळातून उचललेल्या."

अशी बटणं ठरत गेली. कटर वर घ्यायचा तर उचललेलं मुसळ. मूळ जागी जाऊन उंची मोजून यायची तर खुराड्यात शिरणारी कोंबडी. सोडलेल्या ओळीवर येऊन पुन्हा लाकडात उतरायचं तर उखळातलं मुसळ. एका दाबाला दोन मिलिमीटर खाली. कोर्कोरनं तीन दिवस कामानंतर बसून ती बनवली, हाताच्या पंजाएवढी.

चाचणीला अंपोन्साह स्वतः आला. टाकाऊ फळी लावली. मुसळ वर गेलं, कोंबडी घरी जाऊन आली. मामानं शेवटचं बटण दाबलं आणि कटर दोनऐवजी सहा मिलिमीटर खाली गेला. कर्रकन आवाज झाला, कटर मोडला.

अंपोन्साह हसला. "चित्रं छान आहेत. बालवाडीत लाव." आणि निघून गेला.

कोर्कोरनं मोडका कटर उचलला. "वोफा, तुम्ही ते तीनदा दाबलंत. तिन्ही बटणं तीनतीनदा दाबलीत. पहिल्या दोन बटणांना फरक पडला नाही, इतकंच."

मामा खाली मान घालून बोलला. त्याच्या स्वतःच्या मामानं त्याला शिकवलं होतं: लाकडाला हत्यार लावण्याआधी बोटाच्या पेरानं तीनदा ठोठावायचं, झाडाची माफी मागायची. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. आता लाकूड काचेच्या पलीकडे गेलं, म्हणून हात काचेवर ठोठावत होता.

"सोडतो ती सवय," तो म्हणाला.

"खबरदार," कोर्कोर म्हणाली. "सोडायची असेल तर यंत्रानं सोडावी त्याची."

तिनं बटणं पुन्हा लिहिली. आता तीनदा ठोठावल्याशिवाय एकही बटण हलणार नव्हतं, आणि तीनदा ठोठावलं तरी काम एकदाच होणार होतं. अंपोन्साहनं नाक मुरडलं. एका बोटाला हलतं तेच खरं यंत्र, म्हणाला. "एका बोटाला हलतं ते कुणाच्याही कोपरालाही हलतं," कोर्कोरनं सुनावलं.

शुक्रवारी तिसऱ्या फळीवर, नक्षी पाऊण झाली असताना, लाइट गेली. तासाभरानं आली. मामा हात पुसत होता तेवढ्यात अंपोन्साहला धीर धरवला नाही. तो पुढे झाला आणि त्यानं उखळातल्या मुसळावर बोट दाबलं. कटर अजून लाकडातच होता. पूर्वीचं बटण असतं तर फळी तिथेच संपली असती.

यंत्र जागचं हललं नाही.

मामा पुढे आला. मालकाला त्यानं खांद्यानं हळूच बाजूला केलं, कधी नव्हे ते. टक, टक, टक. मुसळ उठलं. टक, टक, टक. कोंबडी खुराड्यात गेली, उंची मोजून परतली. टक, टक, टक. कटर आपल्याच खाचेत उतरला. कापणं पुन्हा सुरू झालं तेव्हा मामानं डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. शेवटी फळी झटकून त्यानं, जिथे काम तुटलं होतं त्या जोडावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

अंपोन्साहनं जोडावरून आपलंही नख फिरवून पाहिलं. अक्राच्या माणसाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. माफीही मागितली नाही. ती झाडांनाच मिळते.

त्या संध्याकाळी मामानं कोर्कोरचे आभार मानले. पण कुमासीत तेवढ्यानं भागत नाही. उपकार करणाऱ्याच्या दारात दुसऱ्या सकाळी पुन्हा जावं लागतं. शनिवारी तिचं दुकान उघडायच्या आत मामा तिथे हजर होता. काखेत केळ्यांचा घड, खांद्यावर सेसेच्या लाकडाचा ओंडका, कमरेला वाकस.

"कालच्यासाठी आलोय," तो म्हणाला.

"काल म्हणालात की, वोफा."

"काल तोंडानं म्हणालो." त्यानं ओंडका खाली ठेवला. सेसे एकाच कामाचं लाकूड, माणसाच्या स्वतःच्या, जन्मभर जपायच्या आसनाचं. कोर्कोरला ते कळलं आणि ती एकदम उभी राहिली. तिच्यासाठी आजवर कुणी आसन कोरलं नव्हतं.

"उभी काय राहतेस?" मामा म्हणाला. "बस त्या खोक्यावर. मला गुडघ्याची उंची घ्यायचीय."

ती बसली. मामानं वीत टाकून जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजली, मग ओंडक्याजवळ मांडी घातली आणि पेरानं तीनदा ठोठावलं.