बंद गाडीची नाडी

पूर्णा गावातल्या आमच्या अंगणात बाबांच्या बाराव्याला गोदामांवरची माणसंसुद्धा ड्युटी सोडून जमली होती. मधोमध बाबांची, केसरीनाथांची, पांढरी गाडी, बॉनेट उघडं, इंजिन बंद. गावच्या भगतानं, लडकूबुवांनी, एसीच्या पाइपला नळी जोडली, काहीतरी पुटपुटले आणि खटका फिरवला. नळीच्या टोकाच्या, घड्याळासारख्या गेजचा काटा झपकन वर चढून थांबला.

"बघा! गाडी बंद, चावी घरात, आनि नाडी चालू! केसरीनाथ गेलेला न्हाय. इथंच हाय!"

बायकांनी हात जोडले. एक ट्रकवाला पुटपुटला, "कमाल है भाई."

ते गेज बाबांचं होतं. गाडीच्या एसीचं काम ते घरीच करायचे. गेज, नळ्या, आतली हवा ओढून घेणारा पंप, गॅसचा डबा, हातमोजे, चष्मा. नळी धरायला मी. आमच्यात बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू फोटोपुढे मांडतात, तसं हे सगळं मांडलं होतं. बुवांनी गेज तिथूनच उचललं. पंपाला हळदकुंकूही लागलं.

तेव्हापासून आई भर दुपारी काचा लावून गाडीत बसू लागली. दुपारी नाडी जोरात असते आणि काच उघडली तर तो निघून जाईल, असं बुवांनी बजावलं होतं. मे महिना. काल ती आत बेशुद्ध पडली. चुलतभाऊ भूपेशनं तिला बाहेर काढलं, तर शुद्धीवर येताच ती त्यालाच म्हणाली, "दार कशाला उघडलंस रे मेल्या?"

आज बुवांनी लोकांसमोर परत गेज लावलं आणि आई गाडीच्या दाराकडे निघाली, तेव्हा मी माठातलं पाणी बादलीत घेऊन गाडीच्या पुढच्या जाळीवर ओतलं. काटा हळूहळू उतरला.

"गारव्यानं शांत झाला तो," बुवा लगेच म्हणाले.

"मग बुवा, तुमच्या गाडीलाही लावू या."

"देवाचे कामात मस्करी नको, पोरी. माझे गाडीत कोन मेलाय?"

"तेच बघू ना," भूपेश म्हणाला. लोकांनीच वाट करून दिली.

मी चष्मा आणि हातमोजे घातले आणि बुवांच्या गाडीला नळी जोडली. काटा चढला. आमच्या गाडीत पाणी ओतण्याआधी होता, त्याच खुणेपाशी थांबला.

"बुवा, तुमचा कोन बसलाय आत?" मागून एक म्हातारी म्हणाली. हशा पिकला. बुवा चावी शोधू लागले.

मी सांगितलं ते इतकंच. एसीच्या नळ्यांत गॅस कोंडलेला असतो. इंजिन बंद असलं तरी त्याचा दाब राहतो. ऊन चढलं की दाब चढतो, गार झालं की उतरतो. काटा तो दाब दाखवतो, दुसरं काही नाही.

लोक पांगले. आई गाडीला हात लावून उभी होती.

"मग तुझा बाप कुठं हाय, निशा?"

"कुठं नाही, आई. बाबा गेले."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

चमत्कार दिसला तर तो दुसऱ्या ठिकाणी लावून पाहा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तो खोटा निघाला की उठून जाऊ नका. ज्यानं तो खरा मानला त्या माणसापाशी थांबा, कारण त्याच्याजवळ तेवढंच उरलेलं असतं.

बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती. त्या दुपारी ती तिथंच, जमिनीवर बसून रडली. मी तिच्या शेजारी बसले.