नऊ नंबरचा बिल्ला

मी एक जुना नमुना आहे, आणि तोही कातडीचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मित्रांनो, तुमच्या अंगावरचा नखाएवढा तुकडा संदुकीएवढा मोठा केला तर जसा दिसेल, तसा मी दिसतो. एका मूर्तिकाराने मला प्लास्टरमध्ये घडवलं. तेव्हापासून मी परिचारिकांच्या शाळेत खिडकीजवळच्या टेबलावर बसून आहे.

सगळ्यात वर माझी बाह्यत्वचा. तिचा अगदी वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो. तुम्ही एवढं क्रीम फासता ना, ते त्या मेलेल्यांनाच! तिच्याखाली अंतस्त्वचा. खरा संसार इथे. रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी, तैलग्रंथी, केसांची मुळं आणि मज्जातंतूंची टोकं दाटीवाटीने नांदतात. तळाशी उपत्वचीय थर, म्हणजे पिवळी चरबी. प्रत्येक भागावर नंबराचा पितळी बिल्ला.

एके काळी मुली माझ्याभोवती गर्दी करायच्या. मग वर्गात पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे आले. माझी आठवण व्हायची ती फक्त तोंडी परीक्षेला.

त्यात एकदा भिंतींना रंग द्यायचा म्हणून मला व्हरांड्यात ढकललं आणि माझे चार बिल्ले गळून पडले. शिपायाने बिचाऱ्याने मन लावून ते गोंदाने चिकटवले. तीन बरोबर बसले. नववा, मज्जातंतूंच्या टोकांचा, त्याने चरबीत लावला. चरबीत! मी मनातल्या मनात बोंब मारली, पण प्लास्टरची बोंब ऐकतो कोण?

कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण इथली परीक्षेची रीतच तशी. परीक्षक नाव सांगणार, मुलगी बिल्ल्यावर बोट ठेवून नंबर वाचणार, परीक्षक यादीत बघून खूण करणार. टोकं म्हणजे नऊ. चार वर्षं मुली नऊ म्हणून पास होत गेल्या आणि मी लाजेने चूर होत गेलो.

मग वर्गात मावशी आली. वय एकेचाळीस. पंधरा वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात झाडू-बादली, चादरी, रोग्यांना धरून बसणं, सगळं करून आता परिचारिका व्हायला निघालेली. आल्यापासून ती दोनदा तोंडी परीक्षेत नापास झाली. ही तिसरी आणि शेवटची वेळ. गेली तर पुन्हा झाडू-बादली. नावं काही केल्या तिच्या डोक्यात राहत नव्हती. पण बाई हट्टी! रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यावरचे डबे उतरवायची, मला ओल्या फडक्याने पुसायची आणि एकेका भागावर बोट ठेवून घोकायची. नऊवर आली की तिचं बोट थांबायचं.

"हे काही पटत नाही गं," ती म्हणाली.

"मावशी, पटायचं काय त्यात?" शेजारची मुलगी हसली. "टोकं म्हणजे नऊ. पाठ करा आणि सुटा."

मावशीने वर्गाच्या बाईंना विचारलं. "परीक्षा होऊ दे, मग बघू," बाई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी मावशी चौदा मुलींनंतर आत आली. परीक्षक बाहेरगावचे डॉक्टर होते.

"मज्जातंतूंची टोकं दाखवा."

तिचं बोट अंतस्त्वचेवर टेकलं.

"तिथे बिल्लाच नाही," डॉक्टर म्हणाले. "नीट बघा. अजून एक संधी देतो."

मित्रांनो, खरं सांगतो, मी मनात म्हणालो, म्हण बाई नऊ! माझ्यापायी कशाला बुडतेस?

तिने बोट हलवलं नाही. "बिल्ला चुकीच्या जागी आहे, सर. वॉर्डात जो ओरडतो त्याची मला भीती वाटत नाही. जो म्हणतो 'दुखत नाही', त्याच्यासाठी मी डॉक्टरांना बोलवायला पळायचे. त्याची ही अख्खी अंतस्त्वचा टोकांसकट जळलेली असते. टोकं खाली चरबीत असती, तर तो ओरडलाच असता."

अंतस्त्वचा! हा शब्द तिने एकदाही न अडखळता म्हटला.

डॉक्टर उठले. त्यांनी वाकून नवव्या बिल्ल्याखालचा सुकलेला गोंद नखाने खरवडला. मग अंतस्त्वचेतलं धुळीने बुजलेलं बिल्ल्याचं मूळचं भोक शोधून काढलं. यादीवरच्या चौदा खुणा त्यांनी बोटाने मोजल्या.

"तुम्ही पास," ते म्हणाले. "या आता."

मावशी हलली नाही. "सर, आधी हा बिल्ला हलवा. बाहेर अजून सहा जणी बसल्यात, त्याही नऊ म्हणून चरबीच दाखवतील. उद्या वॉर्डात एखादा 'दुखत नाही' म्हणाला, की त्याला बरा समजून पुढच्या खाटेकडे जातील."

डॉक्टरांनी चाकूच्या टोकाने बिल्ला उचकटला. मावशीने भोकातली धूळ फुंकली आणि अंगठ्याने तो जागेवर दाबून बसवला. मग बाहेर जाऊन आधी पास झालेल्या चौदा जणींनाही तिने हाका मारून आत आणलं.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर डबे ठेवू नका, एवढं तर मी मागणारच. पण मी सांगतो ते खरं आहे का, हेही तपासत जा. माझ्यावर काहीही चुकीचं चिकटलं, तरी मला दुखत नाही. त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.