पलंगाचा श्वास

"सोळा! सोळावर आला!" वॉर्डाबाहेरच्या पडद्याखाली तीस-चाळीस माणसं हात जोडून ओरडली. आत भगव्या कफनीतले एक बाबा आजारी आजींच्या पायाशी, त्यांच्याच पलंगावर मांडी ठोकून बसले होते. आमच्याकडे गादीखालची पट्टी पेशंटचे मिनिटाचे श्वास मोजते आणि आकडा नातेवाइकांना बाहेर टीव्हीसारख्या पडद्यावर दिसतो. बाबा बसले की चौतिसाचे सोळा व्हायचे, लाल दिवा हिरवा व्हायचा. दोन दिवस हाच तमाशा चालला होता.

मी त्या वॉर्डाची सिस्टर. आजींना न्यूमोनिया झालेला. डॉक्टर अतिदक्षता विभागात हलवा म्हणत होते आणि त्यांचा मुलगा सही करत नव्हता.

"सिस्टर, तुमच्याच मशीनवर सोळा दिसतंय ना?"

"मला डोळ्यांनी चौतीस दिसतायत."

"डोळे फसवतात, माते," बाबा म्हणाले. "आम्ही प्राण ओततोय. मात्र आसन याच गादीवर हवं. खुर्चीवरून प्राण उतरत नाही."

खुर्चीवरून उतरत नाही! माझी ट्यूब तिथेच पेटली.

एक्स-रेसाठी आजींना ट्रॉलीवर घेतलं. "बाबा, दमला असाल, पडा जरा," मी गोड आवाजात म्हटलं. हा गृहस्थ आजारी बाईच्या ऊबदार गादीवर खुशाल आडवा झाला. मला शिसारी आली.

बाहेर सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. "चौदा! आजी वाचल्या!" आणि आजी त्यांच्या पाठीमागून ट्रॉलीवर धापा टाकत चालल्या होत्या. वाट द्या म्हणून मला ओरडावं लागलं.

मुलाने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मग हा श्वास कुणाचा?"

"आत जाऊन बघा."

आत बाबा घोरत होते. पट्टीला माणूस ओळखता येत नाही. गादी ज्याच्या श्वासाने जास्त हलते, त्याचा श्वास ती मोजते. पूर्वी आपण अशाच पट्ट्या बसवायचो, हे वॉचमनने दंड धरल्यावर बाबाने ओकलं.

मी मुलाचा हात ट्रॉलीवरच्या आईच्या छातीवर ठेवला. "मोजा." मिनिटाला छत्तीस भरले. तो रडतच सही करायला धावला.

आजी आज व्हेंटिलेटरवर आहेत. दोन दिवस आधी हलवलं असतं, तर कदाचित नळी घालावी लागली नसती. मशीन खोटं बोललं नव्हतं; ते काय मोजतंय, हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा कुणी प्राण ओततो म्हणाला, तर आधी आपल्या माणसाच्या छातीवर हात ठेवून एक मिनिट मोजा. त्याला कुठलाही बाबा लागत नाही.