दोन बोटं माया

टक्‌ करून काहीतरी पडलं आणि फरशीवरून घरंगळत गेलं. मशीनचं बॉबिन होतं. लाल दोऱ्याची शेपटी मागे सोडत ते कापायच्या टेबलाखालून निघालं, इस्त्रीच्या स्टॅंडला वळसा घातला आणि थेट कपाटाखाली जाऊन दडलं. खोलीतली तिन्ही मोठी माणसं त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू आता तेच काहीतरी बोलणार आहे.

कारण माणसं बोलत नव्हती. तीन दिवसांपूर्वी धाकटीचा निकाल लागला होता, आणि कामावर निघताना आईने दारातूनच हुकूम सोडला होता, "तिच्यापुढे निकालाचं कुणी अवाक्षर काढायचं नाही." आईचा हुकूम मोडायची या घरात कुणाची छाती नव्हती. पण निकाल सोडून दुसरं काही बोलावं, तर तेही कुणाला सुचेना. तेव्हा सगळेच गप्प.

घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं शिलाईचं दुकान. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. कुणी नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, कुठल्या शाळेत होता?" तर ते मशीनवर हात ठेवून सांगायचे, "हिच्या. अजून पास केलं नाही हिने."

ताई रोज दुपारी दोन गल्ल्या ओलांडून काज-बटणं करायला इथे यायची, सोबत तिची पाच वर्षांची भिंगरी. आज मात्र सुईत दोरा ओवूनही तिचं सारं लक्ष टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनकडे होतं. धाकटीला वास्तुकलेला जायचं होतं. त्याला पंच्याऐंशी टक्के लागत होते, तिला पडले चौसष्ट. विद्यापीठाने तिला संख्याशास्त्राची जागा देऊ केली होती आणि फोनवर दोन बटणं पाठवली होती, 'स्वीकार' आणि 'नकार'. मुदत आज पाच वाजेपर्यंत. धाकटीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "नकार. मी मशीनवर बसते." त्यावर बाबा नुसतं "बरं" म्हणाले होते. बाबांच्या 'बरं'चा अर्थ आजवर आईलाही लागलेला नव्हता.

भिंगरी पट्टी घेऊन कपाटाखाली आडवी झाली. बॉबिन बाहेर काढून तिने मावशीच्या हातात ठेवलं आणि सहज विचारलं, "मावशी, तू नापास झालीस?"

आईने सगळ्यांना बजावलं होतं. भिंगरीला बजावायचं तेवढं राहून गेलं होतं.

ताईला सुई टोचली. बाबांनी चष्मा काढून उगाच पुसला. धाकटी मात्र तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

"नाही गं. पास झाले, पण आखूड."

"आखूड म्हणजे?"

"म्हणजे बाही इथपर्यंत हवी होती," धाकटीने मनगटावर बोट ठेवलं, मग कोपरावर, "आणि आली इथपर्यंत."

भिंगरीला ते पटलं. "मग अर्ध्या बाहीचं घालायचं," ती म्हणाली आणि गळ्यात टेप अडकवून निघून गेली.

एकदा तोंड उघडल्यावर ताईला राहवेना. "अर्ध्या बाहीचंही चालतं की. जागा मिळालीय, घे. बटण तर दाबायचंय."

"आणि तीन वर्षांनी? पुन्हा याच खोलीत येऊन बसायचं? मग आत्ताच बसते. तीन वर्षांत हात तरी बसेल."

"तुला काय माहीत तीन वर्षांनी काय होईल?"

"तुला तरी काय माहीत? तू दुसऱ्या वर्षात सोडलंस." धाकटीने बॉबिन मशीनमध्ये बसवलं. "खरं सांग ना ताई. तुला जायचं होतं, म्हणून मला ढकलतेस."

भिंगरीची चाहूल लागली तेव्हा "पुढच्या वर्षी पुन्हा जाईन" म्हणून ताईने पुस्तकं खोक्यात भरली होती. ते पुढचं वर्ष सहा वर्षांचं झालं होतं. खोकं अजून त्याच कपाटावर होतं, ज्याच्याखाली मघाशी बॉबिन गेलं होतं. तिने बटणाला चार टाके घालायचे, तर आठ घातले.

तेवढ्यात बसचे ड्रायव्हर आले. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. गणवेशाची पॅन्ट ते बारा वर्षं इथेच शिवून घेत आणि दर वर्षी इथेच सैल करून नेत. "काय मास्तर, यंदाची झाली का?"

"यंदाची हिने कापलीय," बाबा म्हणाले. "एकटीने. मी फक्त शिवली."

धाकटीने इस्त्रीची पॅन्ट दोन्ही हातांवर घेऊन दिली. ड्रायव्हर पडद्यामागे गेले. थोडा वेळ खुडबुड झाली, मग एक लांब श्वास आत घेतल्याचा आवाज आला, आणि तो श्वास काही बाहेर येईना.

"मास्तर," पडद्यामागून बारीक आवाज आला, "ही माझीच ना?"

ते बाहेर आले ते हुक आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवून. धाकटीने टेप लावला, वहीत बघितलं, पुन्हा लावला. "कंबर अडतीस लिहिलीय. पॅन्ट अडतीसच आहे. काका, चूक कुठेच नाही."

"माप दिलं त्या दिवशी सकाळ होती, पोरी. आत्ता मी जेवून आलोय."

पॅन्ट उतरली, कमरेला टॉवेल आला. बाबांनी कंबर उलटी करून मागची शिवण उजेडात धरली. शिवणीच्या आत जेमतेम टाका धरण्यापुरतं कापड होतं. "माया कुठाय?" त्यांनी विचारलं.

कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाबा दोन बोटं ठेवत. गिऱ्हाईकाला नुकती बढती मिळाली असेल तर तीन.

"मापात बसवलं मी," धाकटी हळूच म्हणाली. "कापड वाचलं."

"माप बरोबर आहे. तीच पंचाईत आहे. माप त्या दिवसाचं असतं, माणूस काही त्या दिवशी थांबत नाही."

"झालं. आता बाबा पॅन्टवरून माझ्यावर येणार."

"मी पॅन्टवरच आहे. तुझ्याबद्दल बोलायला तुझ्या आईची बंदी आहे."

ताईला हसू फुटलं. ते लपवायला तिने मापांची वही जवळ ओढली, तर आतून एक घडी घातलेला कागद निसटला. चौकटीचा कागद, आणि त्यावर पेन्सिलीने काढलेली, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली एक रेघ. वर धाकटीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ड्रायव्हरकाका, कंबर.'

"हे काय?" ड्रायव्हर टॉवेल सावरत जवळ आले.

धाकटीचे कान लाल झाले. "काही नाही. तीन दिवस कुणी बोलत नव्हतं, म्हणून जुन्या वह्या वाचत बसले. तुमचं पोट आहे. बारा वर्षांचं."

"आणि हा डोंगर?"

"तुमचं लग्न."

"बरोबर. आणि हा खड्डा?"

"ते तुम्हालाच माहीत. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा."

"कावीळ झाली होती," ड्रायव्हर भक्तिभावाने म्हणाले. आपली कुंडली कुणी अचूक वाचल्यावर व्हावी तशी त्यांची चर्या झाली होती.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "म्हणजे पोट दर वर्षी वाढतंय हे कागदावर काढलंस, आणि कापडाला सांगायला विसरलीस?"

आता धाकटीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ड्रायव्हरांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "इथून पुढे कुठे जाणार ही?"

"ते नाही सांगता येत, काका. वर जाणार एवढं दिसतंय. पण किती, ते काढायची रीत मला माहीत नाही."

ताईने फोन उचलला आणि संख्याशास्त्राचा तो निरोप उघडून धाकटीच्या पुढ्यात सुलटा ठेवला.

काय प्रकार आहे ते बाबांनी ड्रायव्हरांना थोडक्यात सांगितलं, निकालाचा आकडा न उच्चारता. ड्रायव्हरांनी मान हलवली. "मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. दोनदा बसून."

"मग उपयोग झाला?" धाकटीने विचारलं.

"गाडी चालवताना नाही. सिग्नलला थांबलो की होतो. लाल दिव्यात बाकीचे हॉर्न वाजवतात. मला आपलं डोक्यात फिरायला काहीतरी असतं. पण खोटं कशाला सांगू, त्यातली निम्मी वर्षं जांभया देण्यात गेली."

धाकटीने ताईकडे बघितलं. "तू बोल ना आता."

"मघाशी म्हणालीस ते खरं आहे," ताई म्हणाली. "निम्मं त्यासाठीच ढकलत होते. मला कळलंही नव्हतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

ताईने कागदावरची रेघ दाखवली. "ही बघून. पण ही आत्ताच बघितली, म्हणजे आधी मी शंभर टक्के खोटीच होते."

"चार चाळीस," बाबा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची पाठ होती. ताईच्या तेव्हा लक्षात आलं की मनगटावरचं घड्याळ त्यांनी आज टाचण्यांच्या उशीवर, समोर काढून ठेवलं होतं.

धाकटीचा अंगठा फोनवर नुसता तरंगत राहिला. "आणि नाही जमलं तर?"

"मशीन कुठे जातंय?" बाबांनी ड्रायव्हरांच्या पॅन्टची मागची शिवण उसवायला घेतली. "उसवता येतं सगळं. याला मागे उरलेल्या कापडाचा जोड देतो, शर्टाखाली दिसणारसुद्धा नाही. दाब लवकर. चाळीस वर्षं बटणं लावतोय, एका बटणाला इतका वेळ लागलेला बघितला नाही."

"एक वर्ष बघते," धाकटी म्हणाली. "पक्की शिवण नाही हं. कच्चा टाका."

तिने दाबलं. स्क्रीनवर अंगठ्यावरच्या खडूचा पांढरा ठसा उमटला. बाबा म्हणाले, "बरं," आणि या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांना लागला. ड्रायव्हर टॉवेलवरच स्टुलावर बसून कागद नीट न्याहाळत होते. घरी दाखवायला मिळेल का, म्हणून विचारत होते.

भिंगरीने तेवढ्यात नवा उद्योग काढला होता. ती प्रत्येकाचे कपडे उलटून आत माया शोधत होती. पडद्याला निघाली. उशीला नव्हती. तिच्या स्वतःच्या फ्रॉकच्या घेराला चांगली चार बोटं निघाली.

"आजोबा, ही एवढी?"

"तू काय थांबणारेस थोडीच," बाबा पॅडलवर पाय ठेवत म्हणाले. मशीन सुरू झालं.

मग ती ताईपाशी आली. बाही उलटून बघितली, खांद्यावरून टेप सोडला, तो उलटा धरून बराच वेळ आकडे वाचल्यासारखं केलं. काही सापडलं नसावं. आईच्या मांडीवर दोन्ही कोपरं रोवून तिने मान वर केली.

"आई, तुला शिवताना आजोबांनी किती माया ठेवली होती?"

मशीन थांबलं.