तसंच रा

"अम्मा, इधर ठोकूँ क्या? इधर टाकी आड नहीं आती."

यादगिरीने गच्चीच्या कठड्यावर बोटाने खूण केली. सखूने पदर खोचला आणि त्याच्या बोटापासून आभाळापर्यंत डोळ्यांनीच एक दोरी ताणून पाहिली. मध्ये काही नव्हतं. एक घार होती, पण ती काही कायमची राहणार नव्हती.

"ठोको. पक्का ठोको. हिलना नक्को."

"बाद में निकाले तो दीवार का टुकडा आता, देखो."

"निकालनेकू कौन बोला तुमको?"

यादगिरी हसला आणि त्याने ड्रिल लावलं. पन्नाशीचा तेलुगू माणूस, सुलतान बाजारातल्या दुकानासाठी घरोघरी टीव्हीच्या छत्र्या बसवणारा. आताशा त्याला काम कमी. नल्लकुंट्याच्या त्या बोळात तर नवी छत्री कुणाच्याच गच्चीवर चढत नव्हती. होत्या त्या जुन्या, गंजलेल्या. एकीत कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या. टीव्ही आता वायरीतून यायचा, नाहीतर फोनमधून. सखूकडेही वायरीतूनच यायचा, गेल्या महिन्यापर्यंत. मग केबलवाल्याने मराठी चॅनल काढून टाकले. ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली, तर तो म्हणाला, "पूरे गल्ली में एक आपका घर है अम्मा. एक घर के वास्ते?"

"एक घर घर नहीं होता क्या?" तिने विचारलं होतं. तो फोनवर बोलायला लागला.

म्हणून ही छत्री.

नवरा, निवृत्ती, गेल्यापासून घरात मराठीला ओ देणारं कुणी नव्हतं. तो बसचा कंडक्टर. दिवसभर तेलुगूत, उर्दूत तिकिटं फाडून घरी आला की चपला काढता काढता मराठीत चार शिव्या द्यायचा आणि मग त्याच्या चेहऱ्यावर गार सावली यायची. आता टीव्हीतली बातम्यांची बाई बोलायची आणि सखू तिला उत्तरं द्यायची. "पाऊस पडंल म्हनती? कुठं पडंल ते नीट सांग की बाई." दिवसाचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. तेही काढून घेतलं तर तोंडात फक्त दात उरणार, आणि दातही आता थोडेच होते.

सखूची आई नांदेडकडच्या एका खेड्यात जात्यावर बसली की समोर येईल त्याची ओवी करायची. मांजर आलं तर मांजराची, पोलीस आला तर पोलिसाची. सखूच्या घरी जातं कधी नव्हतंच, पण खोड अंगात उतरली होती. आज सकाळी गच्ची झाडता झाडता तिच्याही तोंडी दोन ओळी आल्या होत्या:

गच्चीवरी बाई उलटी छतरी मांडली
आभाळाच्या घरी माझी बोली गं सांडली

ड्रिल थांबलं तेव्हा जिन्यात पावलं वाजली. संघपाल आणि दीक्षा वर आले. मुलाच्या काखेत घडी घातलेली पुठ्ठ्याची खोकी होती, सुनेच्या हातात चिकटपट्टी.

"आई, हे काय चाललंय?"

"छत्री बसवतेय."

"आज? आज सामान भरायचंय ना. संध्याकाळी टेम्पो येणारय."

"भर की. तुझं काय असंल ते भर. तुझी शाळंची पुस्तकं माळ्यावर हायेत, उंदरं शिकायलेत त्यातून."

दीक्षाने ओठ दाबून हसू आवरलं. संघपालने खोकी कठड्याला टेकवली. बँकेत तो अडलेल्या माणसांशी हळू आवाजात बोलायचा, तोच आवाज त्याने लावला. "आई, तू आमच्याकडे राहायला यायचं आपलं ठरलंय. भाडेकरू बघून झालाय. फोनवर मी विचारलं, तू बरं म्हणालीस."

सखू यादगिरीच्या हातातल्या पान्याकडे बघत राहिली.

"आमच्या सोसायटीत छत्री लावू देत नाहीत, आत्या," दीक्षा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "पण तिकडं मोठ्ठा टीव्ही आहे. मराठीसुद्धा लागतं, नेटवर."

"लागतं. पन लावतंय कोन? भिंत तुमची, टीव्ही तुमचा, बटन सुमेधा दाबनार. लेकरू गुणाचं हाय, पन आजीला विचारती कसं? 'दादी, व्हॉट यू वाँट?' मी आपली हसते. सव्वीस मजले वर बसून निस्तं हसत ऱ्हायचं का मी?"

"शिकेल ती मराठी."

"शिकू दे. मग हिकडं बोलायला पाठव."

"अम्मा," यादगिरीने मध्येच हाक मारली. छत्री खांबावर चढली होती. "नीचे जाके टीव्ही देखो. आया तो आवाज देओ."

सखू खाली खोलीत आली. मागोमाग ते दोघंही आले. टीव्हीच्या शेजारी छत्रीचा नवा डबा ठेवला होता आणि पडद्यावर सिग्नलची एक लाल पट्टी, रिकाम्या गल्लीसारखी. जिन्याकडची खिडकी उघडी होती. वर छत्री हलली की खाली पट्टी थरथरायची. थोडी वाढायची, पुन्हा मागे सरायची. सखू गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकली. हॉस्पिटलात आयाचं काम करताना बाळंतिणीच्या खाटेशी ती अशीच वाकायची.

एकदम पट्टी हिरवी झाली. निळ्या पडद्यातून एक चेहरा उमटला.

"रा!" सखू ओरडली. "रा, रा, तसंच रा!"

जिन्यात धाडधाड पावलं. चेहरा विरघळला, पट्टी लाल. यादगिरी दारात उभा राहून हात पुसत होता. "क्या हुआ अम्मा?"

"तुम कायकू आए?"

"आप रा रा बोले ना."

तेलुगूत रा म्हणजे ये. सखूच्या गावाकडच्या मराठीत रा म्हणजे राहा. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. उभा जन्म या शहरात गेला होता. वॉर्डात तेलुगू बायकांना ती स्वतःच 'रा अम्मा, रा' म्हणत हाताला धरून न्यायची. पण आनंद झाला की जीभ माहेरी पळते. तिला कोण अडवणार?

यादगिरी पुन्हा वर गेला. पुन्हा पट्टी हिरवी झाली, पुन्हा सखूच्या तोंडून तेच गेलं, आणि पुन्हा तो दारात येऊन उभा राहिला. या वेळी त्याने कपाळावर हात मारला. दीक्षा खाटेवर बसून पोट धरून हसत होती. संघपाललाही हसू फुटलं.

"आई, त्यांच्यात रा म्हणजे ये गं."

"ठावं हाय मला." सखू त्याच्याकडे वळली. "तूबी तसंच म्हनला होतास, फोनवर."

"काय?"

"म्हनलास, आई, आता बास झालं, रा. मी म्हनलं, बरं."

संघपालचं हसू चेहऱ्यावरच अडकलं. घरी, बँकेत, लिफ्टमध्ये दिवसभर तेलुगू बोलणारा माणूस. आईशी बोलतानाही दोन-चार शब्द तिकडचे यायचेच. "मी ये म्हणालो होतो."

"मला रा ऐकू आलं. वाटलं, लेक म्हनतोय, आई, तिथंच रा. उमगलं पोराला. लई बरं वाटलं मला."

तो तिच्या चेहऱ्यात शोधत राहिला. खरंच चुकून ऐकलं होतं, की आत्ता या घडीला रचलं होतं? जात्याशिवाय ओव्या करणाऱ्या बाईचा चेहरा. त्याला काही कळेना.

"आणि पडलीस-बिडलीस तर? कोण आहे इथं?"

"पडंन. उठंन. जन्मभर मी बाया उठवल्या, मला उठवायला कुनीतरी येईलच की. पन उठंन ते माझ्या घरात. त्या भाडेकरूला सांग, घर रिकामं न्हाई. मानूस ऱ्हातंय त्यात."

"आई, मी एवढं सगळं..."

"केलंस, दिसतंय मला. गुणाचा हायेस. पन मला खोक्यात भरू नको."

दीक्षाने चिकटपट्टी हळूच उशीखाली सरकवली.

दारातल्या यादगिरीला मराठी येत नव्हतं, पण घराघरांत जाणाऱ्या माणसाला आवाजावरून बरंच कळतं. तो खाकरला. "साब, नट घिस गया. मैं नया लेके आता, कोने पे दुकान है. तब तक आप ऊपर पकडो. जरा जरा घुमाओ. अम्मा आवाज देते."

संघपालने आईकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तो वर गेला.

खाली पुन्हा लाल पट्टी.

"आता?" वरून आवाज आला.

"न्हाई."

"आता?"

"उलीसं अजून. हां, हळू."

पट्टी सरकत सरकत हिरवी झाली आणि चेहरा आला. कपाळावर टिकली, हातात कागद. बाई बाजारभाव सांगत होती. सोयाबीन, तूर, हळद. शब्दन् शब्द स्वच्छ, जणू उंबऱ्यावर बसून बोलतेय. सखूचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"आई, आलं का?"

दीक्षाने सासूकडे पाहिलं. सखूचे डोळे पडद्यावर होते, पण कान वर होते.

आलं म्हटलं की तो खाली येणार. हात धुणार, खोकी काखेत मारणार, टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून फोन करणार आणि बोळाच्या तोंडाशी लावलेल्या गाडीत बसून निघून जाणार. ते व्हायचंच होतं. तिने तसं ठरवलंच होतं.

"आई?"

सखूने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला, वर ऐकू जाणार नाही इतका. दीक्षाही सरकून तिच्या शेजारी आली.

चित्र हलत नव्हतं. म्हणजे वर उन्हात तोही हलत नव्हता.