सोमवारचं एकभाषित

"आज तुझं तोंड बंद, तेव्हा नीट ऐक. मान हलवायची, तीसुद्धा मी विचारलं तरच."

दर सोमवारी सकाळी चहाचा कप हातात आला की गंगाधरराव बायकोला असं बजावायचे. त्यांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चारुलताबाईंनी महादेवाला बोललेला नवस होता तो: सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन. ऑपरेशन पार पडलं, नवस मात्र सुटला नाही. एरवी मोजकंच बोलणारा माणूस, पण समोरून उत्तर येणार नाही म्हटल्यावर सोमवारी मोकळा व्हायचा. ऑफिसात कुणी पाणउतारा केला, रहिमतपूरच्या भावाशी नेमकं कशावरून बिनसलं, रात्री कशाची भीती वाटते, सगळं. चारुलताबाई भाजी निवडत ऐकायच्या.

गंगाधरराव गेले. सांगलीतल्या त्या दोन खोल्यांत आता मंगळवारीही बोलायला कुणी नव्हतं. तरी सोमवार वेगळा होता. सकाळी चहा घेऊन त्या खुर्चीसमोर बसायच्या, आणि आता ते सुरुवात करतील असं वाटायचं. मौन मोडलं तर ते वाटणंही जाईल, ही धास्ती त्यांनी देवालासुद्धा सांगितली नव्हती.

खालच्या मजल्यावर अजीम राहायचा. त्याची बहीण नूरीन पलूसहून कॉलेजसाठी त्याच्याकडे आलेली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. मराठी घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आली आणि साहित्यविचाराच्या पेपरात अडकली. तिच्या लेखनिकानं प्रश्न एकदाच वाचला आणि पुन्हा विचारल्यावर मोठा सुस्कारा टाकला. मग तिनं पुन्हा विचारलंच नाही. हे कळल्यावर चारुलताबाई स्वतःहून म्हणाल्या, "यंदा मी येते. शब्द देते तुला." लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, या नियमातही त्या जुनी मॅट्रिक असल्यानं बसत होत्या. कॉलेजात नाव गेलं, आणि रोज संध्याकाळी नूरीन वर येऊ लागली. चारुलताबाई वाचायच्या, ती ऐकायची.

"प्रतिमा म्हणजे डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र," एवढं वाचून चारुलताबाई अडखळल्या.

"थांबलात का, काकू? पुढं वाचा की. वासाचीबी प्रतिमा असती. मार्केट यार्डाकडनं हळदीचा वास आला की आमची पलूसची पडवी येती माझ्याजवळ."

"आणि हे वाद? स्वच्छंदतावाद, वास्तववाद?"

"स्वच्छंदतावाद म्हंजे आमचा अजीमभाई. घरात पीठ नसंल, पण पाऊस बघायला ठोसेघरला जायचं. वास्तववाद म्हंजे वहिनी. पीठ न्हाई हे ती तिथं धबधब्यापुढं सांगती."

चारुलताबाई हसल्या, आणि आपल्याच हसण्याच्या आवाजानं दचकल्या.

एके संध्याकाळी त्या वाचत होत्या, "स्वगतात पात्र एकटंच, स्वतःशी बोलतं. नाट्यात्म एकभाषितातही बोलणारा एकच, पण समोर ऐकणारं कुणीतरी असतं. ते गप्प असतं, तरी त्याच्या असण्यामुळेच बोलणाऱ्याचं मन उघडं होतं."

पुस्तकात बोट ठेवून त्या बसून राहिल्या. इतक्या वर्षांच्या सोमवारांना कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं, आणि त्यांना आज कळत होतं.

"काकू, गप का झाला?"

"काही नाही गं. बोलणारा गेला आणि ऐकणारं तेवढं मागे राहिलं, तर त्याला काय म्हणायचं?"

नूरीननं बराच विचार केला. "ते आमच्या अभ्यासक्रमात न्हाई, काकू."

पेपर गुरुवारी होता. आठवडा राहिला असताना वेळापत्रक बदललं. अजीमनं दारातूनच मोबाईल बघत सांगितलं, "सोमवारी आलाय."

चारुलताबाईंचं मौन सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

"आवं काकू, तुमी नेम मोडू नका," नूरीनच म्हणाली. "दुसरं कुणीबी चालंल."

"बारावीतल्या अंकिताला विचारतो," अजीम म्हणाला. "सकाळी लवकर जाऊन सेंटरवर परवानगी काढू. फक्त ती वाचती म्हंजे बिनथांब्याची एसटी."

"चालंल म्हणलं न्हवं," नूरीन म्हणाली. तिची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती.

चारुलताबाईंना कुणी काही मागितलं नाही. तेच जड झालं.

रविवारी त्या कृष्णाकाठी महादेवाला गेल्या. बेल वाहिला आणि विचारलं, उद्या काय करू? चारुलताबाई मग पायरीवर बसल्या. गंगाधररावांना मनातलं बोलता आलं ते आपण घाई केली नाही म्हणून, हे त्यांना आठवत राहिलं. एकदा तर एक वाक्य अर्धं सोडून ते अख्खा चहा संपेपर्यंत गप्प होते, आणि मग पुरं केलं होतं. मधे एक सुस्कारा ऐकला असता, तर केलं असतं का?

सोमवारी पूजा झाली. चहा घेऊन त्या खुर्चीसमोर बसल्या. खाली अजीम मोटारसायकल बाहेर काढत होता. अंकिताकडे निघाला असणार. चारुलताबाईंनी कप तसाच खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज फाटका निघाला. खाकरून पुन्हा म्हणाल्या, "अहो, आज मला ऐकायला बसता येणार नाही. जायचंय."

खुर्चीकडून काही आलं नाही. आज ते सुरुवात करतील असं वाटलंसुद्धा नाही. त्या उठल्या. मग पिशवीत ओळखपत्र, दोन पेनं आणि घसा बसू नये म्हणून खडीसाखर टाकली, दाराला कुलूप लावलं, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.