असाच

चामोर्शीच्या स्टँडवर एका काळी अकरा जीपा लागत. दोन हजार दोन सालापर्यंत दोनच राह्यल्या, त्यातली एक माही. रस्त्याखाली नक्षल्याईचे सुरुंग फुटाले लागले तसे लोकं गाड्या इकून मोकळे झाले. पोलीससुद्धा जंगलात पायीच जात. पण मी, खुशाल नाव माहं, डोक्यानं उलटा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सवारी नसे, तवा मी रिकामी जीप काढून घाटावर जाई. काम काई नाई. गाडी चालवाले मजा येते म्हणून, बस. बायको गोकुळा कपाळावर हात मारून घे.

मंगरू संगं असे. घाटाखालच्या टोल्यावरचा, दहा घरांच्या वस्तीतला गोंड, पंधरा वर्षांपासूनचा माहा दोस्त. घाटाचा उतार आला का मी चाबी बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडी. इंजीन चूप. नुसता टायरचा आवाज, मोहाचा वास, अन् मंगरूचा बाहेर काढलेला हात. वारा हातात पकडून तो हसे. पुढच्या दोन दातांत त्याच्या फट होती. ते तीन मिनिटं सोडून द्यायची माही तयारी नव्हती, कोणी का म्हणंना.

मंगरू मात्र दर वक्ती एकच गोष्ट बजावे. "भाऊ, कोणी अडवलं अन् कुठी चालला म्हणलं, तर काम सांगजो. असाच नोको म्हणू. रिकाम्या गाडीवर कोणाचा भरोसा नाई बसत. बिमार बाई आणाले चाललो म्हणजो."

"अबे, माही गाडी, माहं डिझेल! मी काऊन खोटं बोलू?" मी म्हणे, अन् तो मान हलवे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराले घाटाच्या माथ्यावर सागाचं झाड आडवं पडलं होतं. ब्रेक मारला, तर झुडपातून सात-आठ बंदूकवाले निघाले. एकानं मले कॉलर धरून खाली ओढलं. मंगरूले झाडाच्या तिकडच्या बाजूले नेलं. तो दिसेनासा झाला.

त्याईचा म्होरक्या एक किडकिडीत माणूस होता, गळ्यात दुपट्टा. "कुठी चालला?"

"असाच."

बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. दात तुटून जिभेवर आला, तो मी थुंकला.

"सवारी कुठी हाये?"

"नाई."

"मंग रिकामी गाडी घेऊन कोणाची खबर नेऊन राह्यला?"

"खबर कायची, भाऊ? गाडी चालवाले येतो. मजा येते."

ते हसले. मंग गुडघ्यावर काठ्या सुरू झाल्या. मी शिव्या देल्या, त्याईनं आणखी हाणलं. तिकडून मंगरूची किंकाळी आली. म्होरक्या तिकडे जाऊन वापस आला. "तो दुसरंच सांगते. दोघं दोन गोष्टी बोलता. पोलिसाईचे खबरे हाये तुमी."

तो काय सांगत असन हे मले तवाच समजाले पाहिजे होतं. पंधरा वर्षं एकच गोष्ट सांगत होता बिचारा! पण डोक्यात राग भरला होता, दुसरं काईच सुचलं नाई. "मी खरं बोलतो!" मी वरडलो. "बस गाडीत, दाखवतो!"

म्होरक्यानं काठीवाल्याईले हातानं थांबवलं. "दाखव. गोष्ट खोटी निघाली तर दोघंबी इथीच पडान."

झाड बाजूले ओढलं. तो माह्या बाजूले बसला, नळी माह्या फासळीत. सुजलेल्या गुडघ्यानं क्लच नीट दाबल्या जाईना, गाडी धक्के खाऊन राह्यली होती.

"हे मजा हाये का?" त्यानं नळी खुपसली.

"तोंड बंद ठेव अन् बस!" मी खेकसलो, अन् चाबी बंद केली.

गाडी उतारावर सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण. तोंडातून रक्त गळत होतं. मोहाचा वास आला. तिसऱ्या वळणावर मी तिरप्या नजरेनं पाह्यलं. नळी खाली गेली होती. त्यानं हात बाहेर काढला होता, पंजा उघडा, अन् तो हसत होता. मले रडूच फुटलं. वाचलो, माय! मंगरू वाचला!

खाली गाडी थांबली तसा त्यानं हात आत घेतला. "खरं बोलला तू," तो म्हणे.

वापस चढताना मी खुशीनं बडबडत होतो. वर मंगरू गुडघ्यावर होता, हात मागं बांधलेले, एक डोळा सुजून बंद. डाव्या हाताचे बोटं ठेचले होते. मले पाहून तो हसला, तीच दातातली फट.

म्होरक्या उतरला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आपल्या माणसाईले म्हणे, "जीपवाला खरा हाये. मजा कराले येते." मंग मंगरूपुढं जाऊन उभा राह्यला. "म्हणजे बिमार बाई नव्हतीच."

तवा माह्या टाळक्यात उजेड पडला.

"हाये! बाई हाये, बिमार हाये! मीच खोटं बोललो, भाऊ, मी खोटा!" लंगडत धावलो मी. एकानं पायात काठी घातली. तोंडावर पडलो, अन् मातीत तोंड असतानाच बंदुकीचे दोन आवाज ऐकले.

मंगरूले मीच जीपमधून त्याच्या टोल्यावर नेलं. उतारावर इंजीन चालू ठेवलं.

अजूनही बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी रिकामी जीप काढून घाटावर जातो. गोकुळा आता कपाळावर हात मारत नाई. मजा येत नाई असं नाई. येते, तेच तर वाईट हाये. अन् रस्त्यात कोणी विचारलं का खुशालभाऊ, कुठी चालले, तर मी गाडी थांबवून त्याले नीट सांगतो, "बिमार बाई आणाले."